कळक आणि कांती

स्मरणिकेच्या संपादकांनी या वर्षी फर्मान काढले, "ताई, लसीकरण आणि बालआहार यांवर तुम्ही पुष्कळ लिहिलेत. या खेपेस तुमच्या तांब्याच्या दागिन्यांवर लिहा." मंडळाच्या कोजागरीला माझ्या कानांत तांब्याची कर्णफुले असतात आणि त्यांवरचा निळा-हिरवा रंग पाहून दरवर्षी कोणी ना कोणी विचारते, "हा मीना का हो?" मीना नव्हे, हा तांब्याचा स्वतःचाच रंग, एवढे सांगून मी आजवर वेळ मारून नेली. खरे म्हणजे या रंगाशी माझे नाते जरा गुंतागुंतीचे आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणून उमेदीच्या काळात ज्या हिरव्या डागाचा मी धसका घेतला, तोच डाग आज मी हौसेने दागिन्यावर चढवते. हे कसे घडले ते सांगण्याचा हा प्रयत्न.

आमच्या घरी तांब्याचा एक बंब होता. सासूबाईंच्या लग्नानंतर नाशिकच्या भांडीबाजारातून घेतलेला आणि पुढे बिऱ्हाडासोबत ताप्ती व्हॅली रेल्वेने जळगावहून सुरतेस आलेला. घरात गिझर आल्यावर त्याची रवानगी अडाजणच्या घराच्या तळमजल्यावरील अडगळीच्या खोलीत झाली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, हे येथील वाचकांना मी नव्याने सांगायला नको. त्याच तळमजल्यावर माझा दवाखाना होता. पाणी ओसरल्यावर आम्ही खाली उतरलो तेव्हा केसपेपर, औषधे, बाळांचा वजनकाटा, सारे चिखलात एकजीव झाले होते. बंब आडवा पडला होता आणि त्याचे सांधे उकलले होते.

साफसफाईच्या त्या दिवसांत बंबाकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. पंधरा-वीस दिवसांनी भंगारवाला आला तेव्हा तो बाहेर काढला आणि मी थबकले. जो भाग चिखलात रुतला होता तो गडद तपकिरी, जवळजवळ काळा झाला होता. वरच्या बाजूस ओल धरून हिरवट, मधूनच आकाशी पुटे चढली होती. या दोहोंच्या सीमेवर तांबूस, जांभळ्या, सोनेरी छटांची एक रेघ उमटली होती. भंगारवाल्याने काटा काढला. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. जिन्यात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "अगं, बंब गेला तर जाऊ दे. तांबं ठेव." मी तांबे ठेवले. त्याचे काय करायचे हे मात्र ठाऊक नव्हते.

माझे माहेर पुण्याचे. पुढच्या सुट्टीत कसबा पेठेतील तांबट आळीत जाऊन मी एका वृद्ध कारागिरांना बंबाच्या पत्र्याचा तुकडा दाखवला. पेशवाईत येथे वसलेल्या तांबटांच्या वंशजांची ही आळी. येथल्या मठारकामाची ख्याती मोठी आहे. घडवलेल्या भांड्यावर हातोडीने एकसारखे, ओळीने ठोके देत जाणे म्हणजे मठारणे. त्याने पृष्ठभागावर चकाकते खळगे तर उठतातच, शिवाय पत्रा कणखर होतो. कारागिरांनी पत्रा नखाने वाजवून पाहिला आणि म्हणाले, "जुना माल आहे, चांगला आहे. पण आधी तावून घ्या, नाहीतर चिरेल." तांबेकामाचा पहिला धडा हाच होता. ठोकत गेले की तांबे ताठर होते आणि तसेच रेटले तर भेगाळते. ते मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवले की पुन्हा मऊ पडते. पोलाद लाल करून पाण्यात बुडवले तर कठीण होते, तांब्याचे याच्या अगदी उलट. पुण्याच्या दोन-तीन फेऱ्यांत मी त्यांच्याशेजारी बसून एवढे शिकले आणि बाकीचे सुरतेस परतल्यावर चुकांमधून.

कामाची रीत साधी आहे. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा कर्णफुलांना पुरतो, कड्याला सुमारे एक मिलिमीटरचा लागतो. कागदावर आकृती काढून ती पत्र्यावर चिकटवायची, बारीक करवतीने कापायची, कडा कानशीने घासून बोथट करायच्या. मग तावणे, विझवणे, ऐरणीवर ठेवून हातोडीने आकार देणे. तावताना पत्र्यावर काळा थर चढतो. तो काढण्यास सोनार सौम्य गंधकाम्ल वापरतात, मी चिंचेचे गरम पाणी वापरते. तांबे घासायला आपल्या आज्या चिंच-मीठ का घेत, याचे रसायनशास्त्र दहा मिनिटांत डोळ्यांसमोर उलगडते. साखळीची बारीक तार मला एका परिचितांच्या जरीच्या कारखान्यातून मिळते. सुरतेत राहून तांब्याच्या तारेसाठी दूर जावे लागत नाही. खरी जर चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा देऊन होते, तर स्वस्तातली जर तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा देऊन. ती तार चपटी करून धाग्यावर गुंडाळतात. येवल्याच्या पैठणीच्या पदरावरील जरही सुरतेहूनच जाते. जुन्या साडीची नकली जर काळवंडते तेव्हा मुलामा झिजून आतले तांबे हवेशी बोलू लागलेले असते.

'हवेशी बोलणे' हा शब्दप्रयोग मी मुद्दाम केला. तांब्याचा रंग वरून लावलेला नसतो. धातूचा सभोवतालाशी जो व्यवहार होतो, त्याची ती नोंद असते. प्राणवायूशी संयोग होऊन प्रथम तांबडे आणि पुढे काळे ऑक्साइड बनते. गंधकाच्या वायूंनी तपकिरी-काळे सल्फाइड बनते. ओलसर हवेतील कार्बन डायऑक्साइड, गंधकाची आम्ले आणि समुद्रावरचे क्षार यांतून वर्षानुवर्षांनी हिरवा थर जमतो. न्यूयॉर्क येथील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ साली उभा राहिला तेव्हा तांब्याच्याच रंगाचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो हिरवा झाला. रंग द्यावा की काय, असा विचार १९०६ साली सुरू झाला तेव्हा लोकांनीच विरोध केला. तो विरोध योग्यच होता, कारण जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्याचे रक्षण हा हिरवा थरच करतो. आपल्याकडे संगमनेरजवळ जोर्वे येथे १९५०-५१ च्या उत्खननात तांब्याच्या सहा कुऱ्हाडी आणि एक बांगडी सापडली. आपल्या भूमीत तीन हजार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी मनगटावर तांबे होते, हे त्या बांगडीमुळे कळते.

निसर्ग ज्याला वर्षे लावतो ते काही तासांत घडवणे, हा माझ्या छंदातील प्रयोगाचा भाग. पहिला प्रयोग केवळ ज्योतीचा. स्वच्छ पत्रा हळूहळू तापवला की केशरी, गुलाबी, जांभळा, निळसर असे रंग पसरत जातात. ऑक्साइडचा थर अतिशय पातळ असताना प्रकाशलहरींच्या खेळाने हे रंग दिसतात, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे. थर किंचित जाड झाला की रंग पळाले. दुसरा प्रयोग उकडलेल्या अंड्याचा. अंडे गरम असतानाच कुस्करून झाकणाच्या डब्यात ठेवायचे आणि दागिना त्याला न टेकवता वर टांगायचा. बलकातून निघणाऱ्या गंधकी वायूने काही तासांत तपकिरी झळाळी येते. आमच्या शाकाहारी स्वयंपाकघरात या प्रयोगास बंदी असल्याने तो गच्चीवर होतो. तिसरा प्रयोग मीठ आणि अमोनियाचा. दागिन्यावर मिठाचे पाणी शिंपडून तो बंद डब्यात अमोनियाच्या वाफेवर रात्रभर ठेवला की मोरचुदासारखा निळा रंग फुलतो. अमोनियाऐवजी व्हिनेगर घेतले तर हिरवा, म्हणजे जुन्या रंगाऱ्यांचा जंगाल. पावसाळ्यात डुमसकडून येणारी खारी, दमट हवा या कामाला मोठा हातभार लावते. एप्रिलमध्ये जो रंग रात्रभरात धरत नाही, तो जुलैत सकाळपर्यंत पसरलेला असतो. हे प्रयोग उघड्या हवेत, हातमोजे घालून आणि मुलाबाळांपासून दूर करावेत. अमोनिया आणि ब्लीचिंगचे द्रावण कधीही एकत्र आणू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

रंग चढवण्याची कला आपल्याला परकी नाही. आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या बिदरचे कारागीर जस्तात थोडे तांबे मिसळून वस्तू ओततात, तीत चांदीची नक्षी जडवतात आणि मग बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या गरम पाण्यात ती बुडवतात. मिश्रधातू गडद काळा होतो आणि चांदी तशीच शुभ्र राहते.

चौथा प्रयोग पोटॅशियम सल्फाइडचा. याचे इंग्रजी नाव लिव्हर ऑफ सल्फर, म्हणजे गंधकाचे यकृत. त्याचे खडे यकृतासारखे तपकिरी असतात म्हणून हे नाव पडले. कोमट पाण्यात चिमूटभर विरघळवून दागिना बुडवला की तो सोनेरी, गुलाबी, जांभळा, निळा होत होत शेवटी काळा होतो. हवा तो रंग दिसताच थंड पाण्यात टाकून थांबवायचे असते. त्या बाटलीवरील 'लिव्हर' हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मी क्षणभर झाकण उघडू शकले नाही. त्याचे कारण १९८१ सालचे आहे.

तेव्हा मी पुण्यात निवासी डॉक्टर होते. घाटमाथ्यावरच्या एका खेड्यातून चौदा महिन्यांचे एक बाळ दाखल झाले. पोट फुगलेले, कावीळ, आणि हाताला लागणारे कठीण, धारदार कडेचे यकृत. इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस या निदानाविषयी कोणाला शंका नव्हती, आमच्या कक्षात असे एखादे बाळ बहुधा असेच. कारण मात्र ठाऊक नव्हते. बाळाची आई दूध आणण्यासाठी घरून पितळेचे पातेले घेऊन आली होती. बाहेरून ते लख्ख होते. आतल्या बाजूस कल्हई उडून पिवळा पत्रा उघडा पडला होता आणि काठाखाली हिरवट कड धरली होती. मी सहज विचारले तेव्हा ती म्हणाली, "दोन वर्सं झाली, कल्हईवाला गावात फिरकला न्हाई." मी ते ऐकले आणि विसरले. बाळ अठरा दिवसांनी गेले.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या गटाने १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये असे मांडले की, तान्ह्या वयातच सुरू केलेले आणि पितळी भांड्यांत तापवलेले, साठवलेले जनावराचे दूध हे या विकारामागचे कारण असावे. दुधातील केसीन तांबे धरून ठेवते आणि तेच बाळाच्या यकृतात साठत जाते. निरोगी यकृताच्या एका ग्रॅम शुष्क भागात तांबे सहसा पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत असते, या बाळांत ते हजाराच्या पुढे गेलेले आढळे. पुढे १९८७ साली याच गटाने आजारी व निरोगी बाळांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध केली आणि पितळी भांड्यांकडे निर्देश अधिक ठळक झाला. वेळीच सुरू केलेल्या पेनिसिलामिनने काही बाळे वाचू लागली. याच्या जोडीला आनुवंशिक दुर्बलता असते की काय, याविषयी मतभेद राहिले. परंतु घरोघर स्टील आले आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला, हे आपल्या पिढीने पाहिले आहे. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हता. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच विकाराने दगावल्याची नोंद १९९६ साली प्रसिद्ध झाली. तेथेही गायीचे दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांत तापवले जाई.

'लॅन्सेट'मधील तो लेख वाचला त्या रात्री मला पातेल्याच्या काठाखालची हिरवी कड आठवली. आई उत्तर देऊन गेली होती, प्रश्न मात्र मला नीट विचारता आला नव्हता. त्यानंतर कित्येक वर्षे तांब्या-पितळेवरचा हिरवा डाग दिसला की माझा हात आपोआप मागे येई. पुरानंतर बंबावरचे रंग पाहून मी थबकले ते काही निव्वळ सौंदर्यामुळे नव्हे.

मग हाच डाग अंगावर कसा घालावा? याचे उत्तर विज्ञानात आहे आणि ते आपण डॉक्टरांनी लोकांना स्पष्ट सांगायला हवे. दागिना दूध साठवत नाही, ताक आंबवत नाही. घामातील आम्ल व मीठ यांनी कड्याखालची त्वचा हिरवी होते, ती साबणाने धुतली जाते आणि त्याने इजा होत नाही. दागिन्यांची खरी अॅलर्जी बहुतेक वेळा निकेलची असते, तांब्याची क्वचितच. तरीही मी रंगवलेल्या दागिन्यावर मेणाचा पातळ थर देते आणि त्वचेला टेकणारी बाजू नेहमी कोरी ठेवते. रंगद्रव्यांची भांडी स्वयंपाकघरात येत नाहीत. तोंडात वस्तू घालण्याच्या वयातील मुलाच्या हाती माझा दागिना मी देत नाही.

दुसरा प्रश्न औषधी गुणांचा. आमच्या सोसायटीतील एका वयस्क बेनना संधिवात आहे. माझे कडे पाहून त्यांनी एक मागून घेतले. महिन्याभराने भेटल्या त्या आनंदात. "डॉक्टरबेन, कडाथी मने घणो फेर छे," असे म्हणाल्या आणि गोळ्या बंद करण्याचा बेत सांगितला. माझ्याच हातच्या कड्याने त्यांचे सांधे वाकडे व्हायची वेळ आणली होती. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी संधिवाताच्या सत्तर रुग्णांवर तांब्याची कडी आणि चुंबकी पट्टे यांची चाचणी घेऊन २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. वेदना, सूज वा आजाराची प्रगती यांवर या कड्यांचा उपयोग दिसला नाही. हे सारे बेनना सांगून मी अट घातली की गोळ्या चालू राहतील तरच कडे हातात राहील, नाहीतर परत घेईन. त्या रुसल्या, पण गोळ्या चालू राहिल्या. तेव्हापासून कडे देताना मी आधी ही अट सांगते. आपल्या हातची वस्तू कोणी आवडीने घालावी याचा आनंद आहेच. ती औषध म्हणून घालावी हे मात्र मला, डॉक्टर म्हणून, मान्य होत नाही.

आता सासूबाईंची गोष्ट सांगून हा लेख संपवते. बंबाच्या पत्र्यातून घडवलेले आणि मनासारखे हिरवे झालेले माझे पहिले पदक मी मोठ्या अभिमानाने त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते उलटसुलट केले आणि म्हणाल्या, "अगं, हे कळकलंय!" मी रंगाची सारी हकीकत सांगितली, त्यांनी मान डोलावली. सकाळी उठून पाहते तो पदक ओट्यावर लखलखत होते. पहाटे उठून त्यांनी ते चिंचेने घासून काढले होते. माझी तीन आठवड्यांची मेहनत मोरीतून वाहून गेली. मला राग आला आणि तो चेहऱ्यावर दिसला असावा. त्या शांतपणे म्हणाल्या, "कल्हई उडाली की भांडं बंद, हे मला माझ्या सासूनं शिकवलं. कळकलेलं ताक आम्ही गुरांनासुद्धा दिलं नाही. हिरवं दिसलं की माझा हात थांबत नाही, त्याला मी काय करू?"

राग तिथेच ओसरला. 'लॅन्सेट'मध्ये जे १९८३ साली छापून आले, त्याचा अर्धा भाग त्यांच्या हातांना आधीपासून ठाऊक होता. ज्या घरी असे घासणारे हात होते आणि वर्षातून दोनदा कल्हईवाला येत होता, त्या घरची बाळे कदाचित त्यामुळेच राहिली असतील. घाटमाथ्यावरच्या त्या आईचे हात काही कमी घासत नव्हते, फक्त तिच्या गावात कल्हईवाला फिरकला नव्हता.

पुढे बंबाच्या त्याच पत्र्याचे एक साधे, मठारलेले कडे मी सासूबाईंसाठी केले, कोणताही रंग न देता. ते त्यांनी शेवटपर्यंत हातात ठेवले आणि दर शनिवारी स्वतः घासले. त्या गेल्यावर ते माझ्या मनगटावर आले. मी काही त्यांच्याइतकी नेटकी नाही. सुरतेच्या हवेने आणि माझ्या घामाने कड्याच्या बाहेरच्या खळग्यांत आता तपकिरी-हिरवी कांती धरली आहे. शनिवारी मी चिंच घेते आणि कडे फक्त आतून घासते. बाहेरून तसेच राहू देते.